आंबोलीच्या चढावर झटके देणारी टर्बो: तीन पावसाळे, सहा कॉइल आणि एक हिरवी पट्टी

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्यांच्या गाडीला हे होत नाही त्यांचा वेळ जायला नको. गाडी चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ७८ हजार. मृगाचा पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत दुखणं सुरू. सावंतवाडी सोडून दाणोलीपर्यंत गाडी लोण्यासारखी. आंबोलीचा चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमच्या वर पाय दाबला, की मागून कुणी सदरा धरून ओढावं तसे झटके. इंजिनचा पिवळा दिवा आधी लुकलुकणार, मग कायमचा लागणार. पाय सैल केला की गाडी पुन्हा शहाणी. सपाटीला काही नाही, उभ्या गाडीत काही नाही, वेंगुर्ल्याच्या बाजारात फिरताना तर अजिबात नाही. दिवाळीनंतर आपोआप बरी. पुढच्या मृगाला परत.

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं त्यात बनवणाऱ्याचा हात नव्हता. आपल्याकडे खिशाला परवडणारी स्पोर्ट्‌स कार म्हणजे शेवटी टर्बो बसवलेली हॅचबॅकच. पोलो जीटी, अबार्थ पुन्टो, बलेनो आरएस, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर ही सगळी त्याच पंगतीतली. खरी दोन सीटांची, छत उघडणारी स्वस्त गाडी हवी म्हणून एकेकाळी आमच्या शेजारी गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची. फायबरची बॉडी आणि जेमतेम ६० हॉर्सपॉवरचं रेनॉचं इंजिन. तिची आठवण पुढे एका कारणाने परत निघेल.

पहिल्या पावसाळ्यात मी काय केलं ते सांगताना लाज वाटते, पण बहुतेक जण हेच करतात. पेट्रोल पंपावर संशय घेतला आणि पंप बदलला. इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत ओतली. मग घाटावरच्या एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर (म्हणजे आत पेट्रोल नीट न पेटणं) निघाला, दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज पुरवणारा भाग) बदलली. प्रत्येकी चार हजारांच्या घरात जाणारी ती वस्तू. परत येताना घाट उतरायचा होता, उतारावर इंजिनला जोर लागत नाही, त्यामुळे गाडी नीट चालली आणि मी खूश. पुढच्या आठवड्यात चढताना पुन्हा तेच. असं करत करत तीन पावसाळ्यांत सहा कॉइल, प्लगचे दोन संच आणि एक फ्युएल फिल्टर झाला. काढलेल्या कॉइल एका डब्यात ठेवल्यात. त्यातल्या निदान चार चांगल्या आहेत हे मला आता माहीत आहे.

झटका आणि दमणं यांत फरक आहे

मेस्त्रीला सांगताना आपण "गाडी ओढत नाही" एवढंच सांगतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. ओढत नाही म्हणजे नेमकं कसं? हे आधी स्वतःशी पक्कं करा.

जोर एकसारखा, गुळगुळीतपणे कमी झाला, झटका नाही, उलट बॉनेटखालून फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, तर टर्बोची दाबाची हवा कुठेतरी गळते आहे. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाइप क्लॅम्पमधून सरकतो किंवा खालच्या बाजूने चिरतो. कोड बहुधा पी ०२९९ येतो. गाडी वेग घेते, पण कुणीतरी नळ अर्धा बंद केल्यासारखी एका मर्यादेपुढे जातच नाही, तर पेट्रोलचा दाब बघा. तिथे कोड बहुधा पी ००८७ सापडतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना गाडी थरथरते आणि पाच मिनिटांनी नीट होते, तर डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन आठवा. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून ती धुतली जात नाही, म्हणून तिथे काजळी बसते.

आणि माझ्यासारखे तुटक, तीक्ष्ण झटके, गरम इंजिनात, जोर लावल्यावरच? मग ठिणगी. टर्बो दाब वाढवतो तशी सिलिंडरमधली हवा दाट होते आणि प्लगच्या फटीतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. थांबलेल्या गाडीत दहा हजार व्होल्टवर भागत असेल तर चढावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे ठिणगीच्या वाटेत जिथे कुठे कमजोरी आहे ती चढावरच उघडी पडते. प्लग झिजून फट वाढली असेल, कॉइलचा प्लगवर बसणारा रबरी बूट ओला असेल, कॉइल म्हातारी झाली असेल, काहीही.

एक गोष्ट मात्र तिथल्या तिथे करा. दिवा लुकलुकतोय तोवर पाय काढा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि ते धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळली की त्या खर्चापुढे सहा कॉइल म्हणजे दक्षिणा.

कोड उड्या मारत होता, तिकडे माझं लक्ष नव्हतं

दुसऱ्या पावसाळ्यात मी ब्लूटूथवाला स्वस्तातला ओबीडी स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवर कोड वाचायचा. मिसफायरचे कोड सोपे आहेत. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा, असे पुढे. पी ०३०० म्हणजे कुठला ते नक्की नाही, जमेल तिथे चुकतोय.

कॉइल तपासायची फुकटातली पद्धत अशी. दोन नंबरचा कोड आला तर दोनची कॉइल चारवर बसवा आणि चारची दोनवर. गाडी चालवा. कोड ०३०४ झाला तर कॉइलच गेली, बदला. ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष; प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन बघा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी कॉइलवरचा बोल्ट काढायला एक गोटी पाना पुरतो. इंजिन थंड असू द्या, इग्निशन बंद ठेवा.

मी अदलाबदल केली, तर कोड आला ०३०३. तिथे तर मी हातही लावला नव्हता. चार दिवसांनी ०३००. मग ०३०१. मी वैतागून स्कॅनरलाच शिव्या घातल्या. खरं तर गाडी मला स्पष्ट सांगत होती. चार घरांत आळीपाळीने दिवे जात असतील तर आपण चारही घरांतले बल्ब बदलत नाही, डीपीकडे बघतो. चारही सिलिंडरना सामाईक काय? वीज येण्याची वाट, वीज परत जाण्याची वाट, आणि वरून पडणारं पाणी. मी मात्र कॉइल नंबर पाच मागवली.

जेटीवरचे आबा

ही गाठ ज्यांनी सोडवली ते मोटार मेकॅनिक नाहीत. आमच्या जेटीवर ट्रॉलरचं वायरिंग करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. मी बांगडे घ्यायला गेलो होतो, गाडीचं रडगाणं कुणाला तरी सांगत होतो, ते त्यांनी ऐकलं.

"किती कॉइली घातलंस?"

"सहा झाल्या, आबा."

"आणि मीटर किती वेळा लावलंस?"

मी गप्प.

"मगे पयला मायनस दाखय माका. ट्रॉलरचो स्टार्टर फिरलो नाय तर आमी पयली अर्थिंग घासतंव. स्टार्टर मागसून."

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीचा ट्रे हलवून खाली टॉर्च मारला. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला एक केबल जाते आणि बॉडीपासून इंजिन-गिअरबॉक्सला विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी. ती पट्टी देवघरातलं न घासलेलं ताम्हन दिसावं तशी हिरवी पडली होती. बोटाने दाबली तर कडेचे धागे पापडासारखे मोडले.

मी म्हटलं, ही तर जोडलेली आहे. आणि खरंच, मल्टिमीटर ओहमवर लावला तर रीडिंग जवळजवळ शून्य. याच जागी भलेभले फसतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

साधा मीटर ओहम मोजताना तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो. शंभर धाग्यांतले चार शाबूत असले तरी त्या नगण्य करंटला वाट मोकळी वाटते. स्टार्टर फिरतो तेव्हा मात्र त्याच वाटेने शंभराच्या वर अँपिअर जायचे असतात. पायवाटेवरून माणूस जातो म्हणून एसटी जाईल का? म्हणून जोर असताना मोजायचं, आणि ओहम मोजायचा नाही, व्होल्ट मोजायचे.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. एक काडी बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, जिथे रंग किंवा तेलाचा थर नाही अशा ठिकाणी. दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. निरोगी गाडीत आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहतो. माझ्याकडे ०.९ आला. करंट १२० अँपिअर धरला तर हा अडथळा निघतो साडेसात मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा हिस्सा गुणिले साडेसात. ज्या मीटरला ०.१ ओहमच्या खालचं दिसतच नाही तो "शून्य" दाखवणार नाही तर काय करणार?

मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, वायपर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावलं. तेव्हा आकडा ०.४. इथे तो ०.१ च्या आत हवा.

आणि हे मोजताना मला पावसाळ्याचं अर्ध कोडं सुटलं. गाडीची वीज बनवणारा अल्टर्नेटर इंजिनला बोल्टने बसवलेला असतो. त्याने दिलेला सगळा करंट दिव्यांतून, पंख्यांतून फिरून बॉडीत येतो आणि बॉडीतून त्याच पट्टीने इंजिनकडे परततो. उन्हाळ्यात दुपारी बाजारात जाताना काय लागलेलं असतं? फार तर एसी. आंबोलीत आषाढात धुक्यातून चढताना हेडलाइट, फॉग लॅम्प, वायपर फुल्ल, ब्लोअर काचेवर, डिफॉगर, वर चढावामुळे रेडिएटरचा पंखा. सगळा भार एकाच वेळी, एकाच कुजलेल्या पट्टीवर. इंजिनचा शून्य आणि कॉम्प्युटरचा शून्य असे अर्ध्या व्होल्टने वेगळे पडले, आणि तेही डगमगत, की कॉइलला मिळणारे इशारे आणि इंजिनवरच्या सेन्सरचे आकडे सगळेच तिरके होतात. तराजूचा काटाच हलत असेल तर वजनाबद्दल वाण्याशी भांडून उपयोग नाही.

पट्टी का कुजली, तर तांब्याची पट्टी, अ‍ॅल्युमिनियमचं ब्रॅकेट, लोखंडाचा बोल्ट, आणि मध्ये समुद्रावरून आलेला खारा दमट वारा. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी म्हणजे आयती बॅटरीच की. ती आपली रात्रंदिवस धातू खात बसते. समुद्रापासून मैलभराच्या आत गाडी उभी राहते त्या प्रत्येकाच्या बॉनेटखाली हे चालू आहे. सॅन स्टॉर्मची आठवण इथे येते. फायबरची बॉडी गंजत नाही, पण फायबरमधून करंटही परत येत नाही, त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार ओढावी लागते. ज्याच्या घरी तशी जुनी गाडी असेल त्याने जांभळाच्या झाडाखाली बसून एकेक तार तपासायची तयारी ठेवावी.

दुरुस्ती साडेतीनशे रुपयांत झाली. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस आधी काढा (लावताना तो सगळ्यात शेवटी). नवी पट्टी घ्या, जुनी घासून वापरण्याचा मोह टाळा, कारण कूज धाग्यांच्या आत शिरलेली असते. बसवण्याची जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. बॉडीवर कंपनीचा रंग असेल तर बोल्टखालच्या जागेपुरता काढा. आधी कोरडा बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली थापा. उलटं केलं तर ग्रीसचा थर मध्ये बसतो. पुन्हा मोजा. माझा आकडा स्टार्टरला ०.१५ आणि सगळं चालू असताना ०.०६ आला.

आबांना मासळीच्या पिशवीतून दोन सुरमईच्या तुकड्या देऊ केल्या. ते म्हणाले, "ह्या अर्धा झाला. पाणी खंयसून येता ता बघ आता."

उरलेला अर्धा: रुजलेली आठळी

ते म्हणाले तसंच झालं. गाडी खूपच सुधारली, पण आर्द्रा नक्षत्रात दोन दिवस धो धो लागला आणि तिसऱ्या दिवशी आंबोलीला दोन-तीन झटके बसलेच. फरक एवढाच की आता कोड उड्या मारत नव्हता. ०३०२ आणि ०३०३. दर वेळी मधले दोनच. अर्थिंगचा गोंधळ बाजूला झाल्यावर खालचा खरा दोष शांतपणे दिसायला लागला होता.

मधले दोन सिलिंडर म्हणजे बॉनेटच्या मध्यभागी, विंडशील्डच्या बरोबर खाली. मी दोन नंबरची कॉइल उपसली तर प्लगच्या खोबणीत तपकिरी पाण्याचा थेंब. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, वरपासून खालपर्यंत, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. ठिणगी फटीतून उडी मारायचं सोडून या ओल्या वाटेने बाहेरूनच सटकत होती. अशी रेघ एकदा पडली की पुसून भागत नाही. ती वाट ठिणगीच्या सवयीची होते. प्लग आणि रबरी बूट दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलला तर जुना नव्याला बिघडवतो. माझ्या सहा कॉइलपैकी काहींचं मरण असंच ओढवलं असावं.

प्लग काढायच्या आधी खोबणीतलं पाणी आणि कचरा फडक्याने, सिरिंजने किंवा हवेच्या झोताने साफ करा. नाहीतर प्लग निघताच ते सगळं सिलिंडरमध्ये. नवा प्लग हाताने फिरवत बसवा, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे फार नाजूक. फट आपल्या गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. टर्बो पेट्रोलला बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान असते. बुटाच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा, तांदळाएवढं, श्रीखंडासारखं नव्हे.

पण पाणी आलं कुठून? त्यासाठी भाच्याला घेतलं. तो टॉर्च धरून बॉनेटखाली डोकं घालून बसला, मी विंडशील्डवर तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. चौथ्या तांब्याला आतून आवाज आला, "मामा, हय बघ, नळ लागलो!" वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीच्या मागे एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडून दोन्ही टोकांच्या रबरी तोट्यांतून चाकांच्या मागे निघून जायला हवं. माझं मात्र भरून, मधल्या जागी काठ ओलांडून थेट इंजिनवर.

वायपरचे हात काढले, जाळी उचकटली. आत काय होतं? काजूची पानं, आंब्याचा मोहोर, सुपारीचे काथे, लाल माती, असा दोन वर्षांचा खत-खड्डा. आणि त्यात रुजलेली फणसाची आठळी, चांगला बोटभर कोंब आलेली. घरच्यांनी ती परसात लावली आहे. तीन वर्षांत त्या गाडीतून एवढंच उत्पन्न निघालं. दोन्ही तोट्या चिखलाने बंद. सायकलच्या ब्रेकची जुनी वायर घालून मोकळ्या केल्या. काठावरची फोमची पट्टी कुजली होती तीही बदलली.

जगभर हे दुखणं आहे, आपणच कर्मदरिद्री असं समजायचं कारण नाही. माझदा एमएक्स-५, जी १९८९ पासून बनते आणि दोन सीटांच्या स्पोर्ट्‌स गाड्यांत जगात सगळ्यात जास्त खपली, तिच्याही कापडी छताच्या पाण्याच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी आत शिरतं. त्यांच्याकडे बहुधा ओकची पानं असतील. आमच्याकडे पाऊसच तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आणि आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त, तेव्हा तोटी बंद असण्याची किंमत तेवढीच जास्त.

ज्यांना जाळी उचकटायची नाही त्यांच्यासाठी एक रात्रीची चाचणी. काळोखात बॉनेट उघडा, इंजिन चालू, लांबून स्प्रेच्या बाटलीने कॉइलच्या आसपास पाण्याचं धुकं मारा. इंजिन अडखळलं किंवा निळसर ठिणगी रांगताना दिसली तर जागा सापडली. हात मात्र लांब, तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि ओली चप्पल घालून हा प्रयोग नको.

जाता जाता, याच गाडीवर शिकलेल्या बारक्या गोष्टी

ऑइलच्या झाकणाखाली पांढरा लोण्यासारखा फेस दिसला की लोक हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं सील) गेलं म्हणून छाती पिटतात. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर बाजार आणि परत एवढंच फिरत असाल तर ऑइल धड तापतच नाही, दमट हवेचं पाणी आतच राहतं. अर्धा तास सलग चालवा, झाकण पुसा, पुन्हा बघा. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही फेस असेल तरच घाबरा.

कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ असतात. रेडिएटरला आतून खार लागतो. डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे.

हँडब्रेक. मुंबईकर चाकरमानी गणपतीला गाडी आणतात, खळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवतात आणि निघताना मागचं चाक फिरत नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला जांभा दगड लावा. डिस्कवर दोन दिवसांत येणारा तांबूस थर मात्र निरुपद्रवी, पहिल्या चार ब्रेकांत जातो. आणि जे गाडी चार-चार महिने गावी सोडून जातात त्यांनी टाकी अर्धी ठेवू नये. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतली ओल धरतं, ती जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. तेव्हा झटके चारही सिलिंडरना, गाडी सुरू झाल्यापासून येतात. माझ्यासारखे फक्त चढावर नाहीत.

उंदरांबद्दल मी काही लिहिणार नाही. भात झोडून घरात आलं की ते बॉनेटमध्ये येणारच. वायरिंगला तंबाखूच्या पुड्या बांधून पाहिल्या, त्यांनी पुड्या नेल्या.

सध्याची स्थिती अशी. दुरुस्तीनंतर एक पावसाळा पूर्ण गेला. आंबोली अकरा वेळा चढलो, त्यातला एकदा धबधब्याच्या गर्दीत पाऊण तास अडकून, सगळे दिवे आणि पंखे चालू ठेवून. स्कॅनर रिकामा. महिन्यातून एकदा मीटर लावतो, आकडा वहीत लिहितो, परवा ०.०७ होता. तोट्यांत वायर घालतो, दर वेळी एखादं पान निघतंच.

आता डावीकडे तीव्र वळण घेताना उजव्या चाकातून कट-कट येतंय. इंजिनचा जोर चाकाला पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट चिरलाय आणि ग्रीस रिमवर उडालंय. हे मात्र मीटर न लावताही दिसतंय. रविवारी जॅक लावीन.